आचाऱ्याचा आचार्य होऊ नये म्हणून : वर्ड फाइलमधला लपलेला मजकूर आणि न दिसणाऱ्या खुणा

गेल्या वर्षी गणपती बसायच्या आठवडाभर आधी, रात्री दीड वाजता मी एका दिवाळी अंकाचा लेख साफ करत बसलो होतो. लेखक निवृत्त गृहस्थ, विषय त्यांच्या मुंजीतल्या पंगतीचा. फाइलमध्ये जागोजागी न दिसणारी अक्षरं अडकलेली. डोळ्यांसमोर असलेला शब्द शोधला तर सापडत नव्हता, ओळी भलत्याच ठिकाणी तुटत होत्या. वैतागून मी ती सगळी न दिसणारी अक्षरं एका झटक्यात उडवली आणि समाधानानं झोपलो. सकाळी प्रूफं वाचणाऱ्या बाईंचा फोन आला, "अहो, यांच्या मुंजीत जिलब्या आचार्यांनी तळल्या होत्या का?"

मूळ लेखात आचारी होते. आचाऱ्यांनी जिलब्या तळल्या होत्या. मी कचरा म्हणून पुसलेल्या अक्षरानं आचाऱ्यांची थेट विद्यापीठात नेमणूक केली होती. असं नेमकं का झालं ते पुढे येईलच. हा लेख लिहायला घेतला तो त्या फोनमुळे.

नारायण पेठेत माझं अक्षरजुळणीचं काम चालतं. छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, प्रबंध, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. अप्पा बळवंत चौकातून चालत आलेला माणूस टेबलावर पेन ड्राइव्ह ठेवतो आणि म्हणतो, "सगळं टाइप करून तयार आहे, फक्त पानं लावायचीत." त्या 'फक्त'मध्ये माझे दोन दिवस जातात. खाली जे सांगतोय ते लेखकानं स्वतः करून फाइल दिली, तर माझ्यासारख्याचं बिल निम्म्यावर येईल. तरीही सांगतो.

एक खुलासा आधीच. मेनूंची आणि कळांची नावं मी देवनागरीत लिहितोय. 'कॅरेट-पी' लिहिलं असेल तिथे सहाच्या कळीवरचं टोपीसारखं चिन्ह आणि त्याला चिकटून लहान इंग्रजी पी टाइप करायचं. देवनागरीत 'पी' लिहून काही सापडणार नाही.

आधी खुणा दाखवा

वर्डमध्ये होम टॅबवर, परिच्छेदाच्या बटणांच्या गटात ¶ असं उलट्या पीसारखं बटण असतं. ते दाबा, किंवा कंट्रोल + शिफ्ट + ८. मॅकवर कमांड + ८. वर्डसारखंच मोफत मिळणारं लिबरऑफिस रायटर वापरत असाल, तर त्यात कंट्रोल + एफ१०. गूगल डॉक्समध्ये व्ह्यू मेनूत 'शो नॉन-प्रिंटिंग कॅरॅक्टर्स' आहे.

पहिल्यांदा पाहणारा दचकतो. सगळ्या पानावर मुंग्या सोडल्यासारखं दिसतं. यातलं काहीही छापलं जात नाही, तेव्हा घाबरू नका. शब्दांमधला ठिपका म्हणजे स्पेस. उजवीकडे जाणारा बाण म्हणजे टॅब. ¶ म्हणजे परिच्छेदाचा शेवट, म्हणजे तिथे एंटर दाबलंय. खाली येऊन डावीकडे वळलेला बाण म्हणजे शिफ्ट + एंटर, परिच्छेद न संपवता तोडलेली ओळ. ठिपक्याऐवजी अंशाच्या चिन्हासारखं छोटं वर्तुळ दिसलं तर ती न तुटणारी स्पेस. शब्दांखाली बारीक ठिपक्यांची रेघ दिसली, तर तो लपवलेला मजकूर. आणि शीर्षकाच्या डावीकडचा काळा चौकोनी ठिपका? "हा प्रिंटमध्ये येईल का हो?" असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. येत नाही. त्या परिच्छेदाला 'पुढच्यासोबतच ठेवा' किंवा 'नव्या पानावर सुरू करा' अशी काही सूचना दिलेली आहे, एवढंच तो सांगतो.

दुसरा नेहमीचा फोन : "बटण दाबलं तरी खुणा जातच नाहीत." फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले असं जा. तिथे 'या खुणा कायम दाखवा' अशा अर्थाची यादी आहे : टॅब, स्पेस, परिच्छेदखुणा, लपलेला मजकूर वगैरे. त्यातलं जे टिक केलंय ते ¶ बटण बंद केलं तरी दिसतच राहतं. सगळ्या टिक काढा म्हणजे बटण पुन्हा ऐकायला लागेल. रायटरमध्ये अशीच यादी टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस रायटर, फॉर्मॅटिंग एड्स इथे मिळते.

मी स्वतः फाइल साफ करताना खुणा कायम चालू ठेवतो आणि पानं लावताना बंद करतो. यामागे कारण आहे, ते अनुक्रमणिकेच्या वेळी सांगतो.

¶ ही नुसती खूण नव्हे

वर्डमध्ये परिच्छेदाची सगळी मांडणी त्याच्या शेवटच्या ¶ मध्ये साठवलेली असते : समास, ओळींमधलं अंतर, दोन्हीकडून सरळ की फक्त डावीकडून, कुठली स्टाइल (म्हणजे नाव देऊन ठेवलेला मांडणीचा साचा). म्हणून दोन परिच्छेदांमधलं ¶ पुसलं की ते नुसते जोडले जात नाहीत, एकाची मांडणी दुसऱ्यावर चढते. 'मी काहीच केलं नाही, आपोआप सगळं बोल्ड झालं' या तक्रारीत निम्म्या वेळा शीर्षकाखालचं ¶ पुसलेलं असतं. याचा फायदाही घेता येतो. परिच्छेद हलवताना त्याची मांडणी सोबत हवी असेल तर ¶ सकट निवडा, नको असेल तर ¶ सोडून निवडा.

सेक्शन ब्रेकचंही, म्हणजे फाइलचे वेगवेगळ्या मांडणीचे भाग पाडणाऱ्या खुणेचंही, तसंच. प्रबंधात सुरुवातीच्या पानांना वेगळे क्रमांक, मध्येच एखादा तक्ता आडव्या पानावर, ही सगळी व्यवस्था सेक्शन ब्रेकवर उभी असते. खुणा चालू असतील तर तो दुहेरी ठिपक्यांच्या रेघेसारखा दिसतो. ही रेघ पुसली, की तिच्या आधीचा भाग पुढच्या भागाची मांडणी घेतो. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी अख्खा प्रबंध आडवा झालेला मी पाहिलाय. त्या मुलीचा चेहरा अजून आठवतो. उपाय फक्त कंट्रोल + झेड होता, आणि तिनं दरम्यान फाइल बंद करून पुन्हा उघडली होती.

टाइपरायटरवर वाढलेल्या मंडळींच्या फाइली

ज्यांचा हात टाइपरायटरवर बसलाय ते प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारतात. पीडीएफमधून किंवा ई-मेलमधून कॉपी केलेला मजकूरही असाच येतो. खुणा चालू केल्या की प्रत्येक ओळीच्या टोकाला ¶ दिसतं. पानाचा आकार बदलला की अर्ध्या ओळी लोंबकळायला लागतात. हे हातानं एकेक पुसत बसू नका. क्रम असा ठेवा :

१. फाइलची प्रत काढा. मूळ फाइलला आज हात लावायचा नाही.

२. कविता, पत्ते, संवाद, याद्या वगळून फक्त सलग गद्याचा भाग निवडा. निवडीतलं अगदी शेवटचं ¶ बाहेर ठेवा, नाहीतर तो भाग पुढच्या शीर्षकाला जाऊन चिकटेल.

३. कंट्रोल + एच उघडा. शोधायच्या रकान्यात एक स्पेस आणि कॅरेट-पी, बदलायच्या रकान्यात नुसतं कॅरेट-पी. 'रिप्लेस ऑल' शून्य बदल दाखवेपर्यंत दाबा. ओळींच्या शेवटी लटकलेल्या स्पेस यानं जातात. हे टाळलंत तर पुढची पायरी अर्धवट होते, कारण वरून रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत एखादी स्पेस लपून बसलेली असते.

४. आता कॅरेट-पी कॅरेट-पी (मध्ये स्पेस न सोडता) शोधा आणि त्या जागी मजकुरात कधीच नसेल असं काही घाला. मी ### घालतो. म्हणजे खरे परिच्छेद कुठे संपतात त्याची आठवण राहिली. परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ नसेल पण सुरुवातीला टॅब असेल, तर कॅरेट-पी कॅरेट-टी शोधा.

५. उरलेलं प्रत्येक कॅरेट-पी काढून त्या जागी एक स्पेस.

६. ### काढून त्या जागी कॅरेट-पी.

७. दोन स्पेसच्या जागी एक, शून्य बदल होईपर्यंत.

निवडलेल्या भागात बदल झाले की वर्ड दरवेळी विचारतं, उरलेल्या फाइलमध्येही शोधू का? दरवेळी 'नो'. एकदा 'येस' दाबलं की कवितांचं गद्य होतं. आणि हे सगळं स्टाइल लावायच्या आधी करायचं, कारण ¶ गेलं की त्यातली स्टाइलही गेली. रायटरमध्ये हे करता येतं, पण कटकट जास्त. हे एक काम मी वर्डमध्येच करतो.

शिफ्ट + एंटरचा त्रास वेगळा. मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ लावलेला असला की या खुणेआधीची ओळ ताणली जाते. तीनच शब्द असले तरी पानभर पसरतात, दात पडल्यासारखे. कॅरेट-एल शोधा आणि त्या जागी कॅरेट-पी किंवा स्पेस घाला. कवितेत मात्र हीच खूण उपयोगी पडते. कडव्यातल्या ओळी शिफ्ट + एंटरनं तोडा आणि कडव्याच्या शेवटी एंटर मारा, म्हणजे दोन कडव्यांमधलं अंतर एकाच जागी ठरवता येतं. कविता डावीकडून सरळ ठेवायची, ताणायची नाही.

नवं प्रकरण नव्या पानावर आणायला एंटर, एंटर, एंटर मारणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. कंट्रोल + एंटर मारा.

स्पेसची दुसरी जात

वेबवरून उचललेल्या मजकुरात ठिपक्यांऐवजी वर्तुळं दिसली तर त्या न तुटणाऱ्या स्पेस आहेत. त्या असल्या की पाच-सहा शब्द एकमेकांचा हात सोडत नाहीत आणि अख्खी साखळी पुढच्या ओळीवर जाते. कॅरेट-एस शोधून साधी स्पेस घातली की काम झालं.

पण हीच स्पेस मराठीत जितकी हवी तितकी आपण वापरत नाही. आपली आद्याक्षरं आणि संक्षेप बघा : लो. टिळक, म. फुले, इ. स. १८१८, कि. मी., पृ. ४५. साध्या स्पेसमुळे 'इ.' ओळीच्या शेवटी राहतं आणि 'स.' खाली जातं. न. चिं. केळकर रस्त्याचा पत्ता छापताना 'न.' वर आणि 'चिं.' खाली आलेला मी पाहिलाय, वाचणाऱ्याला वाटावं की कोणीतरी नाही म्हणतंय. अशा ठिकाणी कंट्रोल + शिफ्ट + स्पेस द्या. वर्ड आणि रायटर दोन्हींत हीच कळ चालते. रायटरमध्ये ती करड्या पार्श्वभूमीवर दिसते, दिसली नाही तर कंट्रोल + एफ८ दाबून पाहा. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी परकी वर्तुळं काढा, मग आपली घाला. उलट केलंत तर स्वतःच घातलेल्या स्पेस स्वतःच पुसाल.

मजकूर मुद्दाम लपवणं

वर्डमध्ये मजकूर निवडून कंट्रोल + शिफ्ट + एच दाबलं की तो लपतो. किंवा कंट्रोल + डी करून फॉन्टच्या खिडकीत 'हिडन'वर टिक. रायटरमध्ये फॉर्मॅट, कॅरॅक्टर, फॉन्ट इफेक्ट्स, तिथे 'हिडन'. मजकूर पुसला जात नाही. वर्डची फाइल म्हणजे खरं तर झिप केलेलं गाठोडं असतं. ते सोडून आतली मुख्य फाइल वाचली तर लपवलेला शब्द तसाच तिथे असतो, शेजारी फक्त 'व्हॅनिश' अशी एक चिठ्ठी लावलेली. हे लक्षात ठेवलंत तर याच्या भरवशावर गुपितं ठेवणार नाही.

चांगला उपयोग मी एका क्लासच्या सरांकडे पाहिला. प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका अशा दोन फाइली ठेवल्या की एकीत दुरुस्ती होते, दुसरीत राहते. म्हणून ते एकच फाइल ठेवायचे. 'उत्तर' नावाची स्टाइल केलेली, तिच्या फॉन्टमध्ये 'हिडन' टिक केलेलं. प्रत्येक प्रश्नाखालच्या उत्तराला ती स्टाइल. मुलांची प्रत छापायची ती तशीच. स्वतःची प्रत छापायची तेव्हा फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले इथे 'प्रिंट हिडन टेक्स्ट' टिक करायचं. ही टिक त्या फाइलपुरती नसते, त्या कंप्युटरवरच्या वर्डची असते. काम झालं की काढायची, नाहीतर पुढची प्रश्नपत्रिका उत्तरांसकट छापून येते.

सरांची पद्धत दोन वर्षं उत्तम चालली. मग एकदा घाईत त्यांनी सराव परीक्षेची वर्ड फाइलच मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. एका मुलानं लॅपटॉपवर ¶ दाबलं. त्या परीक्षेत सगळ्यांना भरघोस मार्क. बाहेर पाठवायची ती पीडीएफ.

आता दुसऱ्याच्या फाइलमध्ये असं काही दडलंय का, हे पाहण्याची झटपट युक्ती. कंट्रोल + ए, मग कंट्रोल + डी. 'हिडन'ची चौकट कोरी असेल तर काही लपलेलं नाही. चौकटीत धड टिकही नाही आणि ती कोरीही नाही अशी भरीव खूण दिसली, तर कुठेतरी थोडा मजकूर लपवलेला आहे. मग ¶ चालू करा (नाहीतर वर्ड लपलेला मजकूर शोधतच नाही), कंट्रोल + एच उघडा, शोधायच्या रकान्यात कर्सर ठेवून मोअर, फॉर्मॅट, फॉन्ट, 'हिडन'. 'फाइंड नेक्स्ट'नं एकेक पाहत जा. पाहिल्याशिवाय 'रिप्लेस ऑल' नको. शेवटी 'नो फॉर्मॅटिंग' दाबून ती अट काढून टाका, नाहीतर नंतर साधा शब्द शोधलात तरी वर्ड तो फक्त लपलेल्या मजकुरात शोधत बसतं.

पाहिल्याशिवाय का नको? पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असेल तर तिच्या नोंदी वर्ड लपलेल्या मजकुराच्या रूपातच ठेवतं. खुणा चालू केल्यावर शब्दाच्या मागे महिरपी कंसात काहीतरी इंग्रजी दिसतं, ती नोंद. सरसकट पुसलंत तर दोन महिन्यांची सूची गेली. आणि या नोंदी पडद्यावर दिसत असताना जागा खातात, म्हणून पानं पुढे सरकतात. खुणा चालू ठेवून अनुक्रमणिका किंवा सूची अपडेट केली, की क्रमांक चुकीचे येतात. म्हणून पानं लावताना खुणा बंद, असं वर म्हटलं.

पांढऱ्या रंगात लिहिलेला मजकूर ही लपवण्याची अडाणी तऱ्हा. तो वर्डच्या हिशेबी लपलेला नसतोच, पीडीएफमध्येही जातो आणि कॉपी करून वाचता येतो. शंका असेल तर प्रतीवर कंट्रोल + ए करून अक्षरांचा रंग 'ऑटोमॅटिक' करा, असेल ते वर येईल.

मराठीतली अदृश्य अक्षरं

आता जिलब्यांकडे. इंग्रजी मदत-पानांवर या भागाबद्दल फारसं काही नसतं, कारण त्यांना याची गरजच पडत नाही.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, रुंदी नसलेली काही अक्षरं आहेत. आपल्या कामाची दोन. एक 'जोडणारं', त्याचा क्रमांक २००डी. दुसरं 'न जोडणारं', क्रमांक २००सी. जोडाक्षर कसं दिसावं हे ती ठरवतात. 'वाङ्‌मय' किंवा 'षट्‌कोन' मध्ये पाय मोडलेला स्पष्ट दिसावा म्हणून दुसरं घालतात. एखादं जोडाक्षर एकावर एक न रचता अर्धं अक्षर शेजारी उभं राहावं म्हणून पहिलं घालतात. इथवर मामला दिसण्याचा आहे, पुसलं तर अक्षरं थोडी वेगळी दिसतील इतकंच.

खरी भानगड अर्ध्या र ची. मराठीत 'र्य' आणि 'ऱ्य' हे वेगळे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्य शिकवतात, आचाऱ्याचं काम भटारखान्यात. शेतकऱ्यांना, दुसऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, वऱ्हाड, आपल्या जिल्ह्यातली कऱ्हा नदी, सगळीकडे तो आडवा अर्धा र. तो लिहिण्याच्या दोन पद्धती फाइलींमध्ये सापडतात. एकीत खाली ठिपका असलेलं ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याचा पाय मोडलेला. दुसरीत साधा र, पाय मोडलेला, आणि मागे अदृश्य 'जोडणारं'. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण दुसऱ्या पद्धतीतलं अदृश्य अक्षर पुसलं की र चा रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो. आचाऱ्यांचे आचार्य झाले ते असे. वेबवर 'शेतकर्यांना' असं छापलेलं तुम्हीही पाहिलं असेल, बहुतेक तिथेही कुणीतरी माझ्यासारखीच सफाई केलेली असते.

आणि पुसलं नाही तरी त्रास आहेच. एकाच पुस्तकात दोन्ही पद्धती असल्या की 'शेतकऱ्यांना' शोधल्यावर निम्मेच सापडतात. सूचीत एकच शब्द दोनदा येतो. हे होतं कारण मजकूर चार ठिकाणांहून आलेला असतो : एक लेख फोनवर टाइप केलेला, एक इनस्क्रिप्ट या कीबोर्डवर, एक श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांच्या जमान्यातल्या जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेला. श्री-लिपी काय, सी-डॅक काय, दोन्ही आपल्या पुण्यातलेच, पण त्या जुन्या फॉन्टांमध्ये अक्षरांचे आकार साठवलेले असायचे. अर्ध्या र चा तो आकार युनिकोडमध्ये नेताना रूपांतर करणारं प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या समजुतीनं वागतं.

तुमच्या फाइलमध्ये कुठली पद्धत आहे? या अक्षरांबाबत ¶ च्या भरवशावर राहू नका. वर्डमध्ये 'दऱ्या' या शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवा आणि दोनदा बॅकस्पेस मारा. आधी काना जाईल, मग य. आता ऑल्ट + एक्स दाबा. कर्सरच्या आधीच्या अक्षराचा क्रमांक उमटेल. २००डी आलं तर अदृश्य अक्षराची पद्धत, ०९४डी आलं तर ऱ ची. पाहून झालं की कंट्रोल + झेड.

एकसारखं करायचं ते ऱ च्या बाजूनं करा, कारण त्यात अर्थ दिसणाऱ्या अक्षरावर उभा असतो. हे काम मी रायटरमध्ये करतो, पानं लावण्याच्या कितीतरी आधी, प्रतीवर. कंट्रोल + एच, 'अदर ऑप्शन्स'मध्ये 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स' टिक करा. शोधायच्या रकान्यात 'र्' लिहा आणि त्याला चिकटून उलटी तिरपी रेघ, लहान इंग्रजी यू, मग २००डी. हे क्रमांक इंग्रजी कीबोर्डवरून टाइप करायचे, देवनागरी अंक चालणार नाहीत. बदलायच्या रकान्यात 'ऱ्'. आधी दहा-बारा ठिकाणी एकेक बदलून बघा, मग 'रिप्लेस ऑल'.

ते झालं की नुसतं २००डी शोधा, 'र्' शिवाय. आता जे उरलंय ते फक्त दिसण्यासाठीचं. ठेवायचं की काढायचं हे तुमच्या फॉन्टकडे आणि प्रकाशकाच्या लेखनपद्धतीकडे बघून ठरवा. २००सी शक्यतो राहू द्या, 'वाङ्‌मय' बिघडलं की वाचकाचं पत्र येतं, आणि पुण्यात ते खरोखर येतं. २००बी ही रुंदी नसलेली स्पेस आहे, वेबवरून चिकटून येते आणि मराठीत तिचा काही उपयोग नाही. एफईएफएफ या क्रमांकाचंही तसंच. ही दोन बिनदिक्कत उडवा.

यापुढे टाइप करताना इनस्क्रिप्टवर र ज्या कळीवर आहे तीच, म्हणजे जे, शिफ्टसह दाबा. ऱ मिळतो. त्यापुढे पाय मोडा आणि य. ज्याच्या कीबोर्डवर तो सापडतच नाही त्यानं वर्डमध्ये इंग्रजीत ०९३१ टाइप करून ऑल्ट + एक्स दाबावं. अशी शंभर करायची असतील तर कंटाळा येईल, म्हणून एकदा करून ऑटोकरेक्टमध्ये टाकून ठेवा.

शेवटचं रिकामं पान

ही तक्रार फार येते म्हणून लिहितो. फाइलच्या अगदी शेवटी तक्ता असेल तर वर्ड त्यानंतर एक ¶ ठेवतंच, ते पुसता येत नाही. तक्ता पानाच्या तळापर्यंत गेला असेल तर हे ¶ नव्या पानावर जाऊन बसतं आणि सोसायटीच्या अहवालात एक कोरं पान निघतं. ते ¶ निवडा, फॉन्टचा आकार १ करा, वर-खाली अंतर शून्य. तरीही गेलं नाही तर त्या ¶ लाच कंट्रोल + शिफ्ट + एचनं लपवा आणि खुणा बंद करा. तक्ता नसताना कोरं पान येत असेल तर खुणा चालू करून पाहा, बहुधा पाच-सहा एंटर किंवा एखादा पेज ब्रेक शेवटी पडलेला असतो.

फाइल हाताबाहेर जाण्याआधी

फाइल, इन्फो, 'चेक फॉर इश्यूज', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'. ही तपासणी लपलेला मजकूर, शेरे, न स्वीकारलेल्या दुरुस्त्या, लेखकाचं नाव अशी माहिती शोधून दाखवते आणि प्रत्येकापुढे 'रिमूव्ह ऑल' असं बटण देते. काढलेलं परत येईल असं धरू नका, म्हणून हे प्रतीवरच. लपलेल्या मजकुराच्या पुढचं बटण दाबण्याआधी शब्दसूचीच्या नोंदी आठवा.

२००३ साली ब्रिटिश सरकारनं इराकविषयीचा एक अहवाल वर्ड फाइलच्या रूपातच वेबसाइटवर ठेवला. ती फाइल कोणाकोणाच्या नावानं सेव्ह होत गेली त्याची नोंद तिच्या पोटात तशीच राहिली होती आणि लोकांनी ती वाचून काढली. तिथे हे होतं, तर आपल्या भाडेकराराच्या मसुद्यात जुन्या भाडेकरूचं नाव राहण्यात नवल नाही.

'ट्रॅक चेंजेस'बद्दल, म्हणजे केलेल्या दुरुस्त्यांची नोंद ठेवणाऱ्या सोयीबद्दल, एवढंच, की रिव्ह्यू टॅबवर 'नो मार्कअप' निवडलं म्हणजे दुरुस्त्या गेल्या असं नाही. त्या फक्त दिसत नाहीत. एका लेखकानं प्रस्तावनेच्या मसुद्यावर शेरा लिहिला होता, 'हा परिच्छेद निव्वळ आत्मस्तुती, कापावा का?' दृश्य बदललं, शेरे दिसेनासे झाले, आणि त्यांनी ती फाइल प्रस्तावना लिहिणाऱ्या गुरुजींनाच पाठवली. गुरुजींच्या कंप्युटरवर शेरे व्यवस्थित दिसले. दुरुस्त्या एकेक स्वीकारा किंवा नाकारा, शेरे पुसा, 'ऑल मार्कअप' निवडून काही उरलं नाही ना ते बघा.

मग खुणा बंद करा, 'प्रिंट हिडन टेक्स्ट'ची टिक नाही ना ते पाहा, अनुक्रमणिका अपडेट करा, पीडीएफ काढा. ती पीडीएफ स्वतः उघडून कुठल्याही तीन प्रकरणांची पहिली पानं अनुक्रमणिकेशी ताडून बघा, आणि एकदा 'ऱ्य' असलेला एखादा परिच्छेद मोठा करून वाचा.